खुर्च्या उचलण्याआधी

रत्नागिरीत जो कार्यक्रम माझ्या काकांच्या आभारप्रदर्शनाशिवाय आटोपला, तो संपलाच नाही, नुसता बंद पडला, असं माझं ठाम मत आहे. काकांचंही तेच आहे. काका म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. पेशाने प्राथमिक शाळेतले मास्तर, सुट्टीच्या दिवशी मिरजोळ्याच्या पलीकडे वाडवडिलांनी लावलेल्या हापूस कलमांचे बागायतदार, आणि उरलेल्या सगळ्या वेळी आभार मानणारे. अध्यक्ष मिळाले नाहीत म्हणून कार्यक्रम पुढे ढकलतात हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे काका चिपळूणला अडकले म्हणून वाचनालयाचा वर्धापनदिन दुसऱ्या दिवशी झालेला आहे. वक्ता काय बोलला हे घरी जाऊन चपला काढेपर्यंत लोक विसरतात. काकांनी कुणाचे आभार मानले याची चर्चा मात्र पुढचा कार्यक्रम येईपर्यंत पुरते.

त्यांची तयारी बघण्यासारखी असायची. कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी ते सभागृहाच्या मागच्या दाराने आत शिरत. पुढच्या दाराने पाहुणे येतात, मागच्या दाराने कार्यक्रम येतो, असं त्यांचं म्हणणं. टेम्पोतून खुर्च्या कोण उतरवतंय, तांब्यांत पाणी कोण भरतंय, हारातल्या शेवंत्या कुणाच्या परड्यातल्या, समईत तेल कुणी घातलं, सगळं विचारून घ्यायचे. कागदावर मात्र एक अक्षर लिहायचे नाहीत. "कागद बघून आभार मानणारा माणूस आभार मानत नाही गो, हजेरी घेतो," असं मला त्यांनी ऐकवलं होतं. आणि एकदा उभे राहिले की खुर्चीवाल्यापासून सगळे जण नावानिशी, गावानिशी यायचे. आपलं नाव माईकवरून आलेलं ऐकून ज्याच्या मानेला उभ्या जन्मात हार लागला नाही असा माणूस मागच्या भिंतीशी उभा राहून जमिनीकडे बघायचा, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. मी त्यांची कितीही टवाळी केली तरी हे मला आवडायचं.

टवाळी करायला जागा भरपूर होती. एका संमेलनात त्यांनी दिवे गेले नाहीत म्हणून भागातल्या वायरमनचे आभार मानले आणि त्याच वाक्याला दिवे गेले. काळोखात माईकशिवाय काकांचा खणखणीत आवाज आला, "वायरमनचे आभार मी तूर्त राखून ठेवतो." लोक कंटाळून उठायला लागले तर ते उठणाऱ्यांचेही आभार मानत. "जे निघाले आहेत त्यांनीही इतका वेळ दिला, त्यांचे आभार," म्हटल्यावर अर्धवट उठलेली माणसं ओशाळून परत बसत. आणि चिपळूणला आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. भटजी, आचारी, वाजंत्री सगळं झाल्यावर ते म्हणाले, "आणि ज्या स्थळाने आपल्या नवरदेवाला आधी नकार दिला, त्या कुटुंबाचे मी मनापासून आभार मानतो. त्यांनी होकार दिला असता तर आजचा योग नव्हता." नवऱ्यामुलाची आई त्यानंतर आमच्याकडे हळदीकुंकवालाही आली नाही. काकांना आजतागायत कळलेलं नाही की यात चुकलं काय.

त्यांचे नियम दोन. पहिला खुर्च्यांचा. आभार पुरे होईपर्यंत एकही खुर्ची उचलायची नाही, आणि शेवटचं नाव घेऊन त्यांनी हात जोडले की कुणी बसून राहायचं नाही. आभार म्हणजे समाप्ती. जेवणं झाल्यावर पानावर कशाला बसायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. एकदा एका अध्यक्षांना आभार झाल्यावर 'जाता जाता दोन शब्द' सुचले, तर काकांनी माईकवाल्याला खूण करून वायर गुंडाळायला लावली. गावातले मंडपवाले हे पक्कं ओळखून होते. काका बोलायला लागले की कडेला कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, नजर काकांच्या हातांवर. हात जोडले गेले की खुर्च्या धडाधड मिटायला सुरुवात.

दुसरा नियम घरचा. घरच्या माणसांचे आभार मानायचे नाहीत. "घरच्याचे आभार मानले की तो परका होतो," हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की वाद घालायची सोय नव्हती. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी शाळेच्या घंटेचे आभार मानले, पटांगणातल्या आंब्याचे मानले, मावशी समोर नवं लुगडं नेसून बसलेली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चिडले. घरी आल्यावर म्हटलं, "मावशी, अगो घंटेचे मानले, तुझे नाय?" तर मावशी हसायला लागली. म्हणाली, "माझे कशाला मानतील? मी काय पाहुणी हाय?" मी मुंबईला नोकरी करत होते त्या काळात एकदा तिने चहा दिल्यावर माझ्या तोंडून सवयीने थँक्यू गेलं. काकांनी कप खाली ठेवला. "ही काय हॉटेलवाली आहे?" मावशीही म्हणाली, "नको गो बाय तसं म्हणू. कुणी आभार मानले की मला वाटतं, झालं, आता उठायला हवं."

ही मावशी काकांच्या अगदी उलट. ते बोलून दमत नसत, ती न बोलता दमायची. बागेचं अर्धं काम तिच्याच अंगावर. मोहोर आला की तुडतुड्यांची कीड पडते, भुरीची बुरशी येते, औषधाची फवारणी करावीच लागते. काका रविवारी पहाटे पंप घेऊन जायचे आणि ऊन चढल्यावर डोक्यापासून पायापर्यंत भिजून यायचे. पाण्याने नव्हे, फवाऱ्याने. त्या उग्र वासाच्या कपड्यांशी काय करायचं हा मावशीचा प्रश्न. घरात धुण्याचं मशीन होतं, मुलीने पुण्याहून पाठवलेलं. पण फवारणीचे कपडे त्यात टाकायचे नाहीत, असा मावशीचा दंडक. मशीनला वास लागेल, आणि मग तो बाकीच्या कपड्यांना लागेल, नातवंडं सुट्टीला येतात त्यांच्या कपड्यांना लागेल. म्हणून मशीन टॉवेल घालून झाकून ठेवायची आणि काकांचे ते कपडे विहिरीकडच्या दगडावर स्वतःच्या उघड्या हातांनी घासायची. मशीनला जपलं, नातवंडांना जपलं. स्वतःला जपायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाच्याच आलं नाही. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका असंच करत होत्या, आणि त्याला आम्ही टापटीप म्हणत होतो.

गाठ तिला लागली ती भर हंगामात. आंघोळ करताना छातीशी हाताला लागली. दुखत नव्हती. दुखत नव्हती हेच वाईट झालं, कारण जे दुखत नाही ते आमच्याकडे दुखणं धरत नाहीत. मोहोर चालू होता म्हणून ती बोलली नाही. मग फळ धरलं, मग आंबा उतरायला लागला, पेट्या भरायच्या होत्या. शेवटची पेटी मुंबईला गेल्यावर एका दुपारी माझ्याकडे आली, आणि कोकमाचं सरबत संपवून पेला उपडा घालत म्हणाली, "बाय, मला जरा बघशील?" मी हात लावून बघितलं. काखेतही होतं. "काकांना सांगितलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "त्यांना कसं सांगू गो? त्यांना तो शब्द तरी उच्चारता येईल काय?"

ते खरंच होतं. ज्या माणसाला माईकवरून जगातला कुठलाही शब्द वर्ज्य नव्हता, त्याला हा एक उच्चारता येईना. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी कुठे गाठ आहे विचारलं तर काका म्हणाले, "तिथे." ऑपरेशन झाल्यावर नातेवाईकांना फोनवर सांगायचे, "ते काढलं." मात्र आभारांत कसूर नाही. लिफ्टवाला, फरशी पुसणाऱ्या बाई, रक्त घेणारी मुलगी, रांगेत आपली खुर्ची देणारा एक नाशिककडचा माणूस, सगळ्यांचे आभार. सलाईनमधून औषध चढत असताना मावशी डोळे मिटून पडलेली आणि काका शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या जावयाचे आभार मानताहेत, कारण त्याने पंख्याचं तोंड इकडे वळवलं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मग एकदा मला कळलं की आभार मानायला कुणी उरलं नाही की ते सलाईनचे थेंब मोजायला लागतात.

वर्षभर बरं गेलं. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. मग तिची पाठ धरायला लागली, आणि आम्ही चक्क मालीश करत बसलो. तपासल्यावर कळलं की ते मणक्यात गेलं आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी काकांना बाहेर नेऊन सांगितलं की आता जे करायचं ते दुखणं कमी राहावं एवढ्यासाठी. काकांनी त्यांचेही आभार मानले, पण अर्ध्यातच थांबले. अर्धे राहिलेले आभार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तिथून परत आल्यावर त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. पंप विकून टाकला. त्या साली मोहोर चांगला आला होता. त्यावर थेंबही मारला नाही. भुरीने मोहोर पांढरा पडून गळून गेला, तुडतुडे शेजारच्या बागांत शिरले, शेजारचे बागायतदार दारात येऊन भांडून गेले. काका त्यांना फक्त एवढंच म्हणाले, "तुमच्या घरी कपडे कोण धुतं?" ते बिचारे गोंधळून निघून गेले. मी मात्र समजले. काकांच्या मनात संशयाची ठिणगी पडली होती. ते औषध आपल्या अंगावरून घरात आलं, आपल्या कपड्यांवरून तिच्या हातात गेलं. बायकोला विचारायची हिंमत नाही, डॉक्टरांना विचारायची तर त्याहून नाही. माणूस नुसता आतून जळत होता. विहिरीकडच्या त्या दगडापाशी जाऊन उभे राहायचे आणि मी दिसले की जास्वंदीची फुलं काढायला लागायचे.

त्याच सुमाराला आमच्या महिला मंडळाने आणि गावातल्या काही डॉक्टरांनी मिळून एक जाहीर परिषद भरवायची ठरवली. विषय, 'स्तनाचा कर्करोग आणि आपला परिसर'. मी मंडळाची चिटणीस, म्हणजे धावपळ माझी. मुंबईहून एक डॉक्टरीणबाई बोलायला येणार होत्या, गावातले एक सर्जन होते, आणि ज्यांनी हे भोगलं अशा एका बाईने दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मावशी म्हणाली, मी बोलते. मी नको म्हटलं, तिला धड बसवत नव्हतं. तर म्हणाली, "अगो, तेवढं तरी बोलू दे. गप्प बसून काय झालं ते बघते आहेस ना?" आणि आभाराला काका, हे ठरवायचा प्रश्नच नव्हता. काकांनी पत्रिका हातात घेतली, वाचली आणि पहिला शब्द आत जाईल अशी तिची घडी घातली. मग वरून नुसतं 'कर्करोग आणि आपला परिसर' एवढंच दिसायला लागलं. ती घडी घातलेली पत्रिका खिशात ठेवून मला म्हणाले, "प्रश्न विचारायला मिळतील ना गो?"

परिषदेच्या सकाळी सभागृहात गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. चहापाण्याचा खर्च ज्यांनी उचलला त्यांचा कापडी फलक दारातच लावलेला. फलक फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानाचा. आमच्या मंडळातल्या उत्साही बायकांना फुकट चहा मिळतोय एवढंच दिसलं होतं. फलक काढावा तर दुकानदार स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसलेला, भला माणूस, दरवर्षी गणपतीला वर्गणी देणारा. मी काकांकडे बघितलं. काका नेहमीसारखे मागच्या दाराने आले होते आणि कपबशा विसळणाऱ्या बाईला तिचं गाव विचारत होते. त्यांनी फलक वाचला आणि पुन्हा त्या बाईकडे वळून तिचं नाव विचारलं.

सभागृह भरलं. आमच्या आळीतल्या, मिरजोळ्याच्या, कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या, बाजारात मासे विकणाऱ्या, अशा सगळ्या बायका. पुरुष थोडे, आणि ते मागे दाराजवळ, पळता येईल असे. मुंबईच्या बाई छान बोलल्या. घाबरवलं नाही आणि खोटा धीरही दिला नाही. वय, घराण्यात कुणाला असणं, वजन, दारू, अशी काही कारणं बऱ्यापैकी कळलेली आहेत, म्हणाल्या. परिसरातल्या काही रसायनांविषयी संशय आहे, शोध चालू आहे, जिथे टाळता येईल तिथे टाळावं. आणि गाठ लागली तर हंगाम, लग्न, परीक्षा काही बघू नका, लगेच या.

मग प्रश्न. काका उठले. इतक्या वर्षांत काका माईक धरून उभे आहेत आणि बोलत नाहीत, असं कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बाई, समजा एका घरात माणूस बागेत फवारणी करतो. त्याचे कपडे त्याची बायको हाताने धुते. बरीच वर्षं. आणि तिला पुढे हे होतं." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "तर ते त्या कपड्यांमुळे का?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना कळलं. म्हणाल्या, "एका विशिष्ट बाईला कशामुळे झालं, हे आम्हाला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

"म्हणजे कपड्यांमुळे नाही, असं सांगता येईल?"

"नाही. तेही सांगता येणार नाही."

काका उभेच राहिले. फाशी दिली असती तरी त्यांनी ती घेतली असती, सुटका केली असती तर रडले असते. यातलं काहीच मिळालं नाही. मग "बरं" म्हणून खाली बसले. मला त्या बाईंचा राग आला नाही, खरं तेच त्या बोलल्या होत्या. पण काकांची खाली गेलेली मान बघवत नव्हती.

त्यानंतर मावशीचं नाव पुकारलं. मी आणि सर्जनसाहेबांनी दोन्हीकडून धरून तिला वर नेलं. डोक्याला रुमाल, अंगावर हिरवं लुगडं. बसूनच बोलली. गाठ कशी लपवली ते सांगितलं. "आंबा थांबत नाय म्हणून मी थांबले," म्हणाली. "दुखत नव्हतं म्हणून मला बरंच वाटलं. तुम्ही असं करू नका. मुलीला सांगा, सुनेला सांगा, शेजारणीला सांगा, कुणालाही सांगा, पण सांगा." मग पाण्याचा घोट घेतला, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "आत्ता जो प्रश्न विचारला तो आमच्या घरचाच. हे मनात ठेवून फिरतात ते मला ठाऊक होतं. मशीनमध्ये टाकायचे नाय हे मीच ठरवलं होतं. हातमोजे त्यांनी आणले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. दोघांनाही ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला ठाऊक झालं, तर आणा. आमचं आम्ही दोघं बघून घेऊ." एवढं म्हणून तिने माईक बाजूला सारला.

आणि मग आभार. काका व्यासपीठावर चढले, सदऱ्याची बटणं चाचपली आणि सुरू झाले. डॉक्टरीणबाईंचे आभार, रात्रभर प्रवास करून आल्या, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणाल्या, त्याचे विशेष आभार. सर्जनसाहेबांचे. पाणी भरणाऱ्या बाईचे, नावानिशी. टेम्पोवाल्याचे. मागे दाराजवळ उभ्या असलेल्या पुरुषांचे, की ते पळाले नाहीत. लोक हसले, श्वास मोकळे झाले. मग ते पहिल्या रांगेकडे वळले. दुकानदाराचं नाव घेतलं आणि म्हणाले, "यांनी आपल्या सगळ्यांना चहा दिला. चहाचे आभार." जरा थांबले. "फक्त चहाचे." दुकानदाराने मान खाली घातली, आणि मग ती हळूच होकारार्थी हलवली. तो माणूस पुढे कसा वागला ते मला सांगायलाच हवं. आज त्याच्या दुकानात बाटलीबरोबर हातमोजे घेतल्याशिवाय गिऱ्हाईक सुटत नाही.

नावं संपत आली. वक्ते झाले, पाहुणे झाले, श्रोते झाले. मावशीचं नाव आलं नाही. ती त्या दिवशी घरची नव्हती, कार्यक्रमातली वक्ती होती, पत्रिकेत तिचं नाव छापलेलं होतं. मी पडद्याआडून हळूच म्हटलं, "काका, मावशीचं नाव घ्या." त्यांनी माईकवर तळहात ठेवला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे." मग हात काढला, "स्तनाच्या कर्करोगावरची ही परिषद संपली असं मी जाहीर करतो," असं तो शब्द न अडखळता म्हणाले आणि खाली उतरले. हात जोडले नाहीत. कडेला उभा असलेला मंडपवाला काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला.

बाहेर पडताना बायका कुजबुजत होत्या. म्हाताऱ्याला विस्मरण व्हायला लागलं. कपबशा विसळणारीचे मानले, आणि बायको एवढी धीराने बोलली तिचे नाहीत. मलाही वाईट वाटत होतं. रिक्षात मावशीला माझ्या खांद्यावर टेकवून बसवलं आणि म्हटलं, "तू मनाला लावून घेऊ नकोस हां." तिने डोळे उघडले. चेहऱ्यावर दुखणं होतं, पण ती चक्क खुशीत होती. म्हणाली, "मी पदर घट्ट धरून बसले होते बाय. मला भीती वाटत होती, आता मानतात की काय."

"मानले असते तर?"

"तर मग उठायला लागलं असतं," ती म्हणाली. पुढे रिक्षावाल्याशेजारी काका बसले होते. त्यांना हे ऐकू गेलं असणार. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

पुढचा मोहोर यायच्या आधी मावशी गेली. शेवटी शेवटी तिला काही सोसवत नव्हतं, पांघरुणाचं वजनसुद्धा. काका उशाशी बसून तिला दिवसभरातल्या माणसांची नावं सांगायचे, आज दूधवाला कोण आला, इंजेक्शन द्यायला कोण आलं. स्मशानात लोकांना वाटलं ते काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. तेराव्याला जेवणं झाल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने सुचवलं, दादा, एवढी माणसं आली, दोन शब्द बोला. काका उठले, आलेल्यांचे आभार मानले, लाकडं आणून देणाऱ्याचे मानले, आणि बसले. मावशीचे मानले नाहीत. मी समोर बसले होते आणि मला रडू आवरलं नाही.

आता ते आमच्याबरोबर गावोगाव तपासणी शिबिरांना येतात. तो शब्द माईकवरून इतका ठणकावून म्हणतात की पुढच्या रांगेतल्या सासवा पदर तोंडाला लावतात. पाहुण्यांच्या सत्काराला शाल, श्रीफळ आणि रबरी हातमोजे, असा नवा शिरस्ता त्यांनी पाडला आहे. एका पुढाऱ्याने ते हातमोजे हातात घेऊन फोटो काढून घेतला आणि मग विचारलं की हे कशासाठी, तर काकांनी त्याला व्यासपीठावरच विचारलं, "साहेब, तुमच्या घरी कपडे कोण धुतं?" आम्ही त्यांना आवरत नाही. आवरून ऐकतील असं त्यांचं कधीच नव्हतं.

परवा मंडणगडला शिबिर होतं. पडद्याआड जाऊन आलेल्या प्रत्येक बाईचे त्यांनी आभार मानले, डॉक्टरांचे मानले, शाळेने वर्ग मोकळे करून दिले त्यांचे मानले. सगळी नावं झाली. तरी ते माईक धरून उभेच होते. हल्ली दर वेळी असंच होतं. समोर कुठेतरी बघत राहतात, ओठ जरासे हलतात, आणि हात काही जोडत नाहीत. माणसं उठून गेली, वर्ग रिकामा झाला. तिथल्या खुर्चीवाल्याला आमची पद्धत ठाऊक नव्हती. त्याने विचारलं, "झालं ना हो मास्तर? उचलू का खुर्च्या?"

काका म्हणाले, "थांब जरा."

तो थांबला. मीही तिथेच एका खुर्चीवर बसून राहिले.